घरच्या जिंजर बिअरला गॅस धरताना: बाटली का फुटली आणि पुढची बॅच कशी करायची

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर राहता. मे महिन्यात पहिल्यांदाच जिंजर बिअर केलीत. पाच लिटर पाणी, अर्धा किलो साखर, आलं, लिंबू आणि चमचाभर यीस्ट. दोन दिवस पातेल्यात ठेवून गाळलंत, खिट्टीच्या झाकणाच्या आठ काचेच्या बाटल्यांत भरलंत आणि व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे प्रत्येक बाटलीत एकेक चमचा साखर घातलीत. तीन दिवसांनी दोन बाटल्या अगदी सपक निघाल्या, एक उघडताच छतापर्यंत उडाली आणि एक रात्री कपाटातच फुटली. चार अजून शिल्लक आहेत. पुढच्या वेळी बाटलीत अर्धाच चमचा साखर घालू, की तीनऐवजी दोनच दिवस ठेवू, असा तुमचा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर देण्याआधी त्या चार बाटल्यांचं बघा. त्या उचलून, हलवून, उजेडात धरून पाहू नका. मुलांना स्वयंपाकघरातून बाहेर काढा. जाड, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोळ्यांवर चष्मा किंवा गॉगल घाला. घरात सोलापुरी चादर असणारच, ती दुहेरी करून बाटल्यांवर टाका. पहाटे, घर सर्वांत गार असतं तेव्हा, एकेक बाटली चादरीच्या तुकड्यात किंवा जाड टॉवेलात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, ताणाखालची काच अचानक गार झाली की तडकू शकते. पूर्ण एक दिवस फ्रीजमध्ये राहू द्या. मग मोरीत, टॉवेल गुंडाळलेला असतानाच, तोंड बाजूला ठेवून खिट्टी हळूहळू सोडा. आतलं पेय ओतून टाका, चार बाटल्या आल्याच्या पाण्यासाठी डोळा धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

आता मूळ प्रश्न. तुमची अडचण त्या चमचाभर साखरेत नाही. हिशोब करून बघू. पाच लिटरला अर्धा किलो म्हणजे लिटरला १०० ग्रॅम साखर आधीच आत होती. चहाचा एक चमचा म्हणजे साधारण ४-५ ग्रॅम. तुमच्या ६५० मिलीच्या बाटलीत तो लिटरमागे सातेक ग्रॅम होतो. दोन दिवसांत पातेल्यातली थोडी साखर यीस्टने खाल्ली असेल, पण भरताना चव छान गोड होती असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे बरीच शिल्लक होती. अशा पेयात एकाऐवजी अर्धा चमचा घातलात तरी यीस्टला काडीचा फरक पडत नाही. त्याच्यासमोर जेवण वाढलेलंच आहे. तुमच्या बाटल्यांमध्ये गॅस कुठे थांबणार हे ठरवणारं काहीच नव्हतं, ही खरी अडचण.

बाटलीत चमचाभर साखर घालायची पद्धत बिअरमधून आली आहे आणि बिअरमध्ये ती बरोबर आहे. जिथे घरी बिअर करायला कायद्याने मुभा आहे तिथले लोक आधी माल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातली, सगळी आंबण्यासारखी साखर संपू देतात. साखर किती उरली याचा अंदाज देणारं हायड्रोमीटर बुडवून बघतात. दोन-तीन दिवस आकडा हलला नाही म्हणजे यीस्टला खायला काही उरलेलं नाही. मग मोजून साखर घालतात, लिटरला ६ ग्रॅमच्या आसपास, आणि बाटल्या बंद करतात. याला प्रायमिंग म्हणतात. यीस्ट तेवढीच साखर खातं, तेवढाच गॅस होतो आणि काम तिथेच संपतं. प्रायमिंगच्या त्या चिमटीला अर्थ आहे तो आधीची साखर संपलेली असते म्हणून. व्हिडिओवाल्यांनी चिमूट उचलली आणि आधीची अट सोडून दिली.

आकडे एकदा डोक्यात बसले की अंदाज करणं सोपं जातं. लिटरमध्ये ४ ग्रॅम साखर पूर्ण आंबली की जवळपास २ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. तो मोकळा सोडला तर साधारण एक लिटर जागा व्यापेल. याला एक व्हॉल्यूम म्हणतात. नेहमीच्या बिअरमध्ये अडीचच्या आसपास व्हॉल्यूम असतात, बाजारच्या कोल्ड्रिंकमध्ये साडेतीन-चार. शँपेनमध्ये दुसऱ्या आंबवणीसाठी लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर घालतात, त्यातून बाहेरच्या हवेच्या सहाएक पट दाब तयार होतो आणि म्हणून ती बाटली इतकी जाड आणि जड असते. तुमच्या पेयात सुरुवातीला १०० ग्रॅम होती. ती सगळी आंबली असती तर पंचवीस व्हॉल्यूम झाले असते. एवढा दाब धरणारी बाटली कुठल्याच घरात नसते. तुमच्या बाटल्या तिसऱ्या दिवशी फुटल्या की दहाव्या, हा फक्त वेळेचा प्रश्न होता.

म्हणूनच ‘तीनऐवजी दोन दिवस’ हा उपायही मला पटत नाही. दिवस हे माप त्या व्हिडिओच्या गावचं. वीस-बावीस अंशांच्या खोलीत तीन दिवसांत जे होतं ते आपल्याकडे मे महिन्यात, वरचा स्लॅब तापलेल्या घरात, एका दिवसात होऊ शकतं. तेच यीस्ट जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतल्या थंडीत, पाच-सहा दिवस घेईल. माळवदाच्या जुन्या घरातली आतली खोली आणि फ्लॅटमधलं पश्चिमेचं कपाट यांतही फरक पडतो. यीस्ट ताजं की वर्षभर डब्यात पडलेलं, चमचा सपाट की शिगोशीग, यावरही वेळ बदलते. त्यामुळे किती दिवस ठेवायचं याचं एकच उत्तर मी कोणालाच देत नाही. बचत गटांच्या बायकांना शिकवते तेव्हाही कॅलेंडर बघायचं नाही, हे सगळ्यांत आधी सांगते.

मग एकाच पातेल्यातल्या दोन बाटल्या सपक आणि एक छताला, असं का झालं? सपक निघालेल्यांचं कारण बहुतेक वायसर. खिट्टीच्या झाकणाचं रबर कडक झालेलं असेल, जरा तिरकं बसलं असेल किंवा काचेचं तोंड खडबडीत असेल, तर गॅस होतो आणि निघूनही जातो. त्या दोन बाटल्या धुऊन कोरड्या करा, झाकण लावून पाण्याच्या बादलीत आडव्या दाबून धरा. बुडबुडे आले किंवा आत पाणी शिरलं तर कळेलच. उडालेल्या बाटलीत गॅस जास्त होता हे खरंच, पण जोडीला दोन गोष्टी असणार. एक, ती गरम असताना उघडली गेली. दुसरी, आल्याचा चोथा. विरळ गाळणीतून गाळलं की आल्याचे बारीक तंतू पेयात राहतात. झाकण उघडताच विरघळलेला गॅस त्या प्रत्येक तंतूवर एकदम सुटतो आणि पेयाला सोबत घेऊन वर येतो. त्याच गॅसची गार आणि स्वच्छ गाळलेली बाटली बरीच शांतपणे उघडते.

गॅस थांबवायचे घरगुती मार्ग दोनच. एक, थंडी. गोड पेय भरायचं, गॅस पुरेसा झाला की फ्रीजमध्ये टाकायचं. थंडीत यीस्ट झोपतं, मरत नाही. फ्रीज बंद पडला, बाटली डब्यात घालून गावाला नेली, पाहुण्यांनी बाहेर काढून टेबलावर विसरली, की ते पुन्हा कामाला लागतं. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज जाते ती कधीकधी अर्धा दिवस. एवढ्या भरवशावर गोड पेयाच्या काचेच्या बाटल्या ठेवायची माझी तयारी नाही, आणि पहिल्यांदा करणाऱ्याने तर त्या वाटेला जाऊच नये. दुसरा मार्ग म्हणजे साखरच कमी घालायची, इतकी की ती सगळी संपली तरी बाटलीला धोका नाही. मी हाच वापरते.

पण मग पेय गोड कसं लागणार? आपल्या सोडा-सरबताच्या गाडीवर कसं मिळतं ते आठवा. पाक पेल्याच्या तळाला आणि वरून सोडा. तेच इथे करायचं. गॅस बाटलीत तयार होऊ द्यायचा, गोडवा पेल्यात घालायचा. यीस्टला पाक दिसतच नाही, आणि घरात कोणाला कमी गोड हवं असेल, कोणाला साखर वर्ज्य असेल, तर त्याचीही सोय होते.

पाच लिटरचं माझं माप असं. जुनं, सालीला सुरकुत्या पडलेलं आलं पाव किलो. कोवळं आलं नुसता वास देतं, तिखटपणा जुन्यात असतो. मंगळवार बाजारात निवडून घेता येतं. धुऊन किसायचं आणि दोन लिटर पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळायचं. चिमूटभर मीठ. ५० ग्रॅम साखर, म्हणजे लिटरला १० ग्रॅम. ही साखर काट्यावर मोजायची, चमच्याने नाही. काटा नसेल तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडून ५० ग्रॅमची पुडी बांधून आणा. उरलेलं तीन लिटर पाणी आधीच उकळून गार करून ठेवलेलं असावं. आपल्याकडे नळाचं पाणी पिंपात साठवलेलं असतं. उकळलं की क्लोरीनही जातं आणि साठवणीतले जंतूही. सगळं एकत्र झालं की दुहेरी मलमलच्या फडक्यातून गाळा आणि फडकं पिळू नका. पिळलं की चोथा खाली उतरतो.

गार झाल्यावर पाच-सहा लिंबांचा रस घाला. लिंबू नुसतं चवीसाठी नाही. आंबटपणामुळे नको ते जंतू वाढत नाहीत, म्हणून त्यात हात आखडू नका. आता यीस्ट. बेकरीचं कोरडं इन्स्टंट यीस्ट चालतं, पण पाच लिटरला चहाच्या चमच्याचा आठवा भागच. तुम्ही घातलेला पूर्ण चमचा फार झाला, त्याने पावाचा वास येतो आणि तळाला जाड साका बसतो. अर्धी वाटी कोमट पाण्यात यीस्ट दहा मिनिटं भिजवा, मग पातेल्यात घालून लांब डावाने तळापासून वर असं चांगलं ढवळा. साखरही तळाला राहिलेली नसावी. नाहीतर पहिल्या बाटल्यांत नुसतं पाणी जातं आणि शेवटच्या दोन बाटल्यांत सगळी साखर.

काही जण प्रत्येक बाटलीत बेदाणे टाकायला सांगतात. बेदाण्यात निम्म्याहून जास्त साखरच असते. पंढरपूरकडचे उत्तम बेदाणे घरात असतात म्हणून मूठभर टाकले की मोजलेल्या ५० ग्रॅमचा हिशोब गेला. गुळाचंही तसंच. गूळ वापरायचा असेल तर साखरेऐवजी घाला, साखरेशिवाय आणखी नाही.

बाटल्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण दुखापत तिथूनच होते. पहिल्या दोन-तीन बॅचला कोल्ड्रिंकच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या वापरा. गॅसच्या पेयाच्याच, साध्या पाण्याच्या बाटल्या नकोत. कोल्ड्रिंकची बाटली मुळात दाब धरायला केलेली असते, आणि फुटली तरी काच उडत नाही. कोमट पाण्याने धुवा, उकळतं पाणी ओतलंत तर ती आक्रसते. तुमच्यासारख्या शोभेच्या खिट्टीच्या बाटल्या, सॉसच्या बाटल्या, चौकोनी बाटल्या पूर्ण बाद. चौकोनी काचेत ताण कोपऱ्यांवर जमा होतो. गोळी सोड्याची बाटली वापरू का, असं मला बरेच जण विचारतात. हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली ती रचना सुंदर आहे, पण आतली गोळी गॅसच्या दाबानेच वर जाऊन वायसरला घट्ट बसते. कारखान्यात बाटली उलटी धरून दाबाखाली भरतात म्हणून ते जमतं. आपल्या पेयात गॅस थेंबाथेंबाने तयार होतो, गोळी बसण्याआधीच तो निसटून जातो.

भरताना वर चार बोटं जागा सोडा. मग बाटलीच्या कुशी दोन्ही हातांनी दाबा, पेय तोंडापर्यंत चढलं की तसंच धरून झाकण घट्ट लावा. बाटली चेपलेली दिसेल. आता ती सावलीत, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा, आणि ती खोक्यात असली तर आणखी बरं. दुसऱ्या दिवशी चेपलेल्या कुशी हळूहळू भरून येतात. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ अंगठ्याने दाबून बघा. दुकानातून आणलेली न उघडलेली बाटली शेजारी ठेवा, म्हणजे हाताला तुलना कळते. सुरुवातीला अंगठा सहज आत जातो, मग रबरी चेंडूइतका, मग जातच नाही. तशी कडक झाल्यावर आणखी एक दिवस ठेवून फ्रीजमध्ये टाका. साखर मोजलेली असल्यामुळे हा जादा दिवस निर्धास्त. पुढे काचेकडे वळलात तरी प्रत्येक बॅचमधली एक बाटली प्लास्टिकची भरा. काचेत काय चाललंय ते तिच्यावरूनच कळतं.

लिटरला १० ग्रॅम साखरेतून जास्तीत जास्त अडीच व्हॉल्यूम होतात. थोडा गॅस वरच्या रिकाम्या जागेत राहतो, थोडी साखर यीस्टच्या वाढीत जाते, म्हणून प्रत्यक्षात जरा कमीच. आणि तेवढ्याच गॅसचा दाब उष्णतेने किती बदलतो ते बघा. अडीच व्हॉल्यूमची बाटली फ्रीजमध्ये साधारण १० पीएसआय दाबावर असते, ४० अंशांत तीच ५० च्या वर जाते. मोटारीच्या टायरात आपण ३०-३५ भरतो. म्हणजे कमी साखरेची, पूर्ण हिशोबातली बाटलीसुद्धा उन्हात उभ्या गाडीत ठेवायची नाही.

उघडण्याआधी निदान एक रात्र फ्रीजमध्ये हवी. गार पाण्यात गॅस नीट विरघळून बसतो, तासाभरात ते होत नाही. झाकण पाव फेरा फिरवून थांबा, फुस्स होऊ द्या, फेस वर आला तर परत आवळा, मग पुन्हा पाव फेरा. एकदा उघडली की थेट जगमध्ये एका दमात ओता आणि तळाचा साका बाटलीतच राहू द्या. पेल्यात दोन मोठे चमचे आल्याचा पाक, बर्फ, वरून हे. पाकात शेवटी दोन ठेचलेल्या मिरीच्या दाण्यांचा वास मला आवडतो.

एक गोष्ट घरच्यांना सांगणं तुमच्यावर आहे. यीस्ट गॅस करतं तेव्हा अल्कोहोलही करतंच. १० ग्रॅम साखरेतून ते अर्धा-पाऊण टक्का होतं, शून्य नाही. लहान मुलं, गरोदर बाई, औषधोपचारामुळे किंवा श्रद्धेमुळे अल्कोहोल टाळणारी माणसं, यांना विचारल्याशिवाय देऊ नका. तुमच्या जुन्या मापाने १०० ग्रॅम पूर्ण आंबू दिली तर सहा टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे सरळ दारू होते, आणि महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे. ‘आधी पूर्ण आंबवून मग प्रायमिंग’ ही बिअरची रीत मी तुम्हाला सुचवत नाही, त्याचं हेही एक कारण.

आल्याचं घरगुती विरजण, म्हणजे रोज थोडं आलं-साखर घालून फसफसवलेलं, वापरू का असंही तुम्ही शेवटी विचारलंय. चव खरोखर चांगली येते, त्यात यीस्टसोबत आंबट करणारे जिवाणूही असतात. जुन्या इंग्रजी जिंजर बिअरच्या विरजणाचा अभ्यास मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९२ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही यीस्ट आणि जिवाणूंची अशीच भागीदारी सापडली होती. पण विरजणाचा जोर रोज वेगळा असतो आणि त्याच्यासोबत न मोजलेली साखर पेयात जाते. आधी पुडीच्या यीस्टवर दोन-तीन बॅच करा, अंगठ्याला अंदाज येऊ द्या. मग विरजण घ्या, आणि ज्या दिवशी ते वापरायचं त्याच्या आदल्या दिवशी त्याला साखर घालू नका. पेयातली मोजलेली साखरही तेव्हा १० ऐवजी लिटरला ८ ग्रॅमवर आणा.